समुद्रावर उतरणारी पाखाडी पुन्हा बांधायची आहे: साहित्य, वहिवाट आणि देखभाल

पाखाडीकर

नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या गावात मुख्य रस्ता समुद्राला समांतर जातो आणि त्याच्या पश्चिमेची घरे समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. घरामागे नारळी-पोफळीचे आगर, आगरामागे सुरूचे बन आणि त्यापलीकडे पुळण म्हणजे वाळूचा किनारा, अशी जागांची अरुंद आणि लांबलचक मांडणी आहे. दोन आगरांच्या गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) पुळणीवर उतरणाऱ्या पाखाड्या, म्हणजे अरुंद पायवाटा, माझ्या लहानपणी पाच होत्या. आज त्यांतली धड वापरता येईल अशी एकच उरली आहे, आणि ती नेमकी सर्वांत जुनी, देवळाजवळची, जांभ्याच्या चिऱ्यांची आहे.

बाकीच्या चारांची गत सांगतो. उत्तरेकडची स्मशानाची वाट ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या सुरूंखाली गेली. खोडे लोकांनी हळूहळू सरपणाला नेली, पण बुंधे तिथेच राहिले, त्यांच्याभोवती वाळू साचली आणि आता तिथे वाट होती हे नव्या माणसाला सांगावे लागते. दुसरी पाखाडी एका पर्यटक निवासाच्या फाटकाआड गेली आहे. तिसरी रुंद केल्यामुळे तिच्यावरून गाड्या थेट पुळणीवर उतरतात आणि दर शनिवारी-रविवारी एखादी तरी वाळूत रुतते. चौथी आमच्या घरालगतची मधली पाखाडी. वादळानंतर तिचे चिरे उखडून ती सरकारी निधीतून काँक्रीटची करण्यात आली आणि तिसऱ्याच पावसाळ्यात तिचा समुद्राकडचा तुकडा खचला. आज त्या स्लॅबचे टोक वाळूपासून कमरेइतक्या उंचीवर अधांतरी आहे. खाली वाकून पाहिले तर गंजून फुगलेल्या सळ्या दिसतात, आणि त्या पोकळीत दुपारी गावातली दोन कुत्री झोपलेली असतात. कोळीवाड्यातल्या ज्या बाया मासळीची पाटी डोक्यावर घेऊन याच वाटेने रस्त्यावर येत, त्यांना आता गाडीरस्त्याने जवळजवळ दुप्पट चालावे लागते.

मधली पाखाडी आणि स्मशानाची वाट या दोन्ही पुन्हा बांधाव्यात असे आम्हा काही जणांच्या मनात आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेत विषय मांडणार आहोत. कोणते साहित्य वापरावे, परवानगी कोणाकडून घ्यावी, आणि बांधून झाल्यावर दरवर्षी तिच्याकडे पाहायचे कोणी, या तीन प्रश्नांवर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी सापडले नाही तर पहिल्या दोहोंवर खर्च करण्यात अर्थ नाही, असे माझे मत होत चालले आहे.

उंडीची सावली

स्लॅब का खचला हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे साहित्य ठरवू नये. पुळण ही स्थिर जमीन नाही. पावसाळ्यात उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून उथळ पाण्यात नेतात आणि दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात, त्यामुळे एकाच जागी जून आणि फेब्रुवारी यांत माणसाच्या उंचीइतकाही फरक पडू शकतो. या हलत्या भागावर घट्ट, एकसंध वस्तू ठेवली की लाट तिच्यावर आपटून खाली वळते आणि पायाखालची वाळू आणखी वेगाने काढते. त्यात खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरून सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. तुमच्या ठेकेदाराने काम चांगले केले असते तर स्लॅब कदाचित दोन वर्षे जास्त टिकला असता, पण शेवट हाच झाला असता.

देवळाजवळची जुनी पाखाडी का टिकली, हे एकदा तिथे बसून पाहा. माझा अंदाज असा आहे की तिचे चिरे चुन्या-सिमेंटात बसवलेले नाहीत, आणि ती उधाणाच्या रेषेच्या बरीच अलीकडे संपते.

पाखाडीकर

अंदाज बरोबर आहे. काल मुद्दाम पाहून आलो. चिरे डबरावर नुसते बसवलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध पावलांनी वाटीसारखा खळगा पडला आहे. शेवटची पायरी सुरूच्या रांगेच्या आतच आहे, पुढची वाट नुसती वाळूची. शेजारच्या काकांच्या सांगण्यानुसार, एखादी पायरी कलली की आषाढी एकादशीच्या आत ज्याच्या आगराला ती लागून असेल त्याने ती उचलून पुन्हा बसवायची, असा रिवाज होता. पहार आणि दोन माणसे एवढ्यावर काम होत असे.

जुना तलाठी

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून वहिवाटीच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे समुद्रावर जाणाऱ्या बहुतेक पाखाड्या वापरात पिढ्यान्‌पिढ्या असतात, पण कागदावर नसतात. पहिले काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नमुना २३ मागवून पाहणे, कारण पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद त्यात असते. तिथे पाखाडी नसेल, तर गाव नकाशा आणि गावठाणात असाल तर नगर भूमापनाचा नकाशा काढावा. मूळ मोजणीच्या नकाशात पुष्कळदा दोन भूखंडांमध्ये अरुंद मोकळी पट्टी दाखवलेली असते आणि ती कोणाच्याच सातबाऱ्यात नसते. अशी पट्टी सापडली तर तुमचे निम्मे काम झाले असे समजा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ज्या जमिनीवर खासगी हक्क सिद्ध होत नाही ती शासनाची असते, आणि भरतीरेषेखालचा समुद्रकिनाराही त्यातच येतो.

फाटकाआड गेलेल्या पाखाडीविषयी सबुरीने घ्यावे. ती पंचायतीच्या नोंदीतला रस्ता असल्याचे दाखवता आले, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ नुसार अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीलाच आहे. नोंद नसेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ पुष्कळांना आठवते. परंतु त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते प्रामुख्याने शेतजमिनीच्या आणि तिच्याकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटांसाठी आहे, त्यामुळे त्या पाखाडीने कोणी आपल्या आगरात जात असेल तर त्याच्या नावाने अर्ज करणे सोपे जाते. दुसरी म्हणजे अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, आणि आपल्या लोकांना सहा महिने ‘बघू, बोलू, समजावू’ यातच जातात. त्यानंतर दिवाणी न्यायालय उरते. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये वीस वर्षांच्या अखंड, उघड वापराची अट आहे आणि रूढीने मिळणाऱ्या अधिकारांची वेगळी तरतूद कलम १८ मध्ये आहे. गावकऱ्यांच्या सामाईक वाटेला ती अधिक जवळची आहे.

गोव्यातील एक खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट एका हॉटेलच्या वाढीव बांधकामामुळे अडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी लोकांच्या बाजूने निकाल दिला, आणि समुद्रकिनारा ही राज्याने जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची संपत्ती आहे, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडले. पुढे त्याच वर्षी गोवा सरकारने कायद्यात बदल करून ते बांधकाम वाचवले, हेही सांगून ठेवतो, नाहीतर निकालाची प्रत हातात घेऊन कोणी उद्याच फाटकासमोर उभे राहायचे.

सरळमार्गी

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. माझा किनाऱ्यालगत घरगुती निवासाचा व्यवसाय आहे. चिऱ्यांची पाखाडी फोटोत सुंदर दिसते, पण पर्यटकाला गाडी समुद्राजवळ लावायची असते, त्याच्याबरोबर वृद्ध आई असते, लहान मूल असते, थंड पाण्याची पेटी असते. कोणी बुडाले तर रुग्णवाहिका शक्य तितकी जवळ यायला हवी. २०२५ मध्ये आपल्या राज्यातील ज्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत आपल्याच तालुक्यातले लाडघर आणि शेजारचे गुहागर आहे. तिथल्या सोयी पाहून आलेला पाहुणा आमच्याकडे येऊन वाळूत पाय रुतवत चालणार नाही. रुंद, पक्का रस्ता आणि पुढे संरक्षक बंधारा, हाच टिकाऊ उपाय आहे असे मला वाटते.

उंडीची सावली

रुग्णवाहिकेचा मुद्दा मान्य आहे, पण त्यासाठी गावात एक गाडीरस्ता पुरतो आणि तो तुमच्याकडे आहे. बंधाऱ्याविषयी मात्र मतभेद नोंदवतो. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा त्याच्या मागची जमीन वाचवतो हे खरे. पण त्याच्या पुढची पुळण बहुधा खालावत जाते आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या आगराची धूप वाढते. शिवाय समुद्रावर जायचे म्हणजे शेवाळलेल्या मोठमोठ्या दगडांवरून उतरायचे, हे म्हाताऱ्या माणसाला वाळूपेक्षा कितीतरी कठीण आहे. कोकणात अनेक ठिकाणी बंधारा बांधताना मध्ये पायऱ्या ठेवायचे राहून गेले आणि मग होड्या ओढायला जागा नाही म्हणून कोळीबांधवांना भांडावे लागले. आपल्याकडे बंधारा व्हायचाच असेल, तर पाखाड्यांच्या तोंडाशी फटी आणि पायऱ्या आराखड्यातच दाखवून घ्याव्यात.

कासवमित्र

एक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. वेळास, आंजर्ले, केळशी या आपल्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला वर येतात आणि पिल्ले फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत बाहेर पडतात. नेमका हाच काळ आपल्याकडे बांधकामाचा असतो. पाखाडीच्या तोंडाशी रात्रभर जळणारा दिवा लावला तर पिल्ले समुद्राऐवजी त्या उजेडाकडे चालू लागतात. आमच्या एका सहकाऱ्याने एकदा पहाटे पिल्ले चहाच्या टपरीच्या दिव्याखालून गोळा केली आहेत. दिवा हवाच असेल तर तो गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड केलेला, पिवळ्या-तांबड्या रंगाचा असावा आणि समुद्राकडून दिसू नये. पुळणीवरचे काम दिवसा करावे, खड्डा रात्री उघडा ठेवू नये, आणि काम सुरू करण्याआधी त्या पट्ट्यात घरटे आहे का हे स्थानिक कासवमित्राला रोज सकाळी पाहू द्यावे.

सागरवेल

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पाखाडीकर, तुमच्या वाटेची दिशा कोणती आहे? वाट वाळूच्या टेकाडातून सरळ रेषेत समुद्राकडे काढली असेल, तर पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तिच्यातून नळीतून फुंकल्यासारखा घुसतो, दोन्ही काठांची वाळू उडवतो आणि दर वर्षी वाट रुंद व खोल करत जातो. पुढे एखाद्या उधाणाला लाट त्याच तोंडातून आगरात शिरते. म्हणून शेवटचा तुकडा थोडा वळवून त्याचे तोंड वायव्येकडे ठेवावे. जुन्या लोकांच्या वाटा वाकड्या का असतात याचे हे एक कारण असावे असे मला वाटते. दुसरे अर्थात शेजाऱ्याशी भांडण हे असते.

दोन्ही काठांना मर्यादावेल ही वाळूवर पसरणारी वेल लावावी. तिचे पेराचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला वाळूत खोचले की ती पसरते आणि वाळू धरून ठेवते. तिच्यामागे केवडा आणि त्यामागे उंडी व करंज. सुरू वाढतो लवकर, पण त्याची मुळे वरवर असतात आणि त्याच्या सुयांच्या थराखाली दुसरे काही उगवत नाही. निसर्ग वादळात रांगाच्या रांगा कशा मुळासकट उलटल्या ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मात्र लोक जिथून चालतात तिथे मर्यादावेल जगत नाही. म्हणूनच माणसांची पावले एका अरुंद वाटेवर राहणे हे वाळूच्या टेकाडाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

डेटोनाचा दापोलीकर

मी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. इथे वाळूच्या टेकाडांवरून खांबांवर उभारलेल्या लाकडी वाटा असतात, खाली झाडोरा तसाच वाढतो आणि वरून माणसे जातात. दिसायला देखणे आहे, पण २०२२ मध्ये सप्टेंबरात इयान आणि नोव्हेंबरात निकोल अशी दोन वादळे पाठोपाठ आली आणि आमच्या परगण्यातल्या कित्येक वाटांचे समुद्राकडचे जिने वाहून गेले. पुन्हा बांधायला पैसा मंजूर होऊनही दीर्घकाळ लागला, कारण मध्ये कासवांच्या विणीचा हंगाम, मध्ये ठेकेदारांची टंचाई. त्यावरून एक गोष्ट पटली: समुद्राकडचा शेवटचा तुकडा जाणारच असे धरून तो मुख्य वाटेपासून सुटा ठेवावा, म्हणजे तो गेला तरी बाकीची वाट त्याच्याबरोबर ओढली जात नाही.

चाकाची खुर्ची

इथे चिऱ्यांच्या पायऱ्यांचे बरेच कौतुक झाले, म्हणून थोडी तक्रार मांडते. माझे वडील चार वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत आहेत. ते जन्मले समुद्रापासून दोनशे पावलांवर, आणि चार वर्षांत त्यांनी समुद्र फक्त गच्चीवरून पाहिला आहे. पायरी कितीही सुंदर असली तरी आमच्यासाठी ती भिंतच आहे.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरअखेर अपंगांसाठी लाकडी कायमस्वरूपी वाट खुली झाली. २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, आणि खर्च १ कोटी १४ लाख रुपये. लोक प्रथमच लाटांजवळ गेले तेव्हा रडले, असे त्या वेळी वाचले होते. दोन आठवड्यांच्या आत मॅन्डूस चक्रीवादळाने तिचा काही भाग मोडला आणि तेवढ्यावर पुष्कळांनी ‘पैसा पाण्यात गेला’ असा शेरा मारला. नंतर ती दुरुस्त झाली. मला त्या मोडतोडीपेक्षा दुरुस्ती झाली याचे अप्रूप वाटते. आमच्या गावात एकदा मोडलेली वस्तू मोडलेलीच राहते.

पाखाडीकर

ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. मधल्या पाखाडीला रस्त्यापासून सुरूच्या बनापर्यंत साधारण एक मीटर उतार आहे. पायऱ्यांऐवजी चढण ठेवली तर किती लांबी लागेल?

चाकाची खुर्ची

प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे एक मीटर उतरायला बारा मीटर लांबी आणि मध्ये एक सपाट विसावा. गडग्यांमध्ये रुंदी किमान चार फूट हवी, आणि वळणावर खुर्ची फिरवायला पाच फूट. काठाला दोन बोटे उंच पट्टी असली तर चाक घसरत नाही. चिरेच वापरायचे असतील तर ते पायरीसारखे न बसवता फरशीसारखे बसवावेत आणि सांधे दाबून भरावेत, कारण पुढची लहान चाके सांध्यात अडकतात.

रंधा

मी सुतारकाम करतो आणि होड्यांच्या दुरुस्तीचे कामही केले आहे. पाखाडीच्या वाळूतल्या तुकड्यासाठी लाकूड वापरायचे ठरले तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वादळात पडलेले माड फुकट मिळतात म्हणून लोक त्यांच्या फळ्या काढतात. जुन्या माडाचा बाहेरचा भाग कठीण आणि चांगला असतो, गाभा मात्र भुसभुशीत. तो गाभा फळीत आला की दोन पावसाळ्यांत पोकळ होते. माड पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाला, म्हणजे छोट्या लाकडी पुलाला, ठीक, कारण तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतो. खांबांना ऐनाचा नार (आतले कठीण लाकूड) वापरावा, फळ्यांना ऐन किंवा किंजळ. जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला काजूच्या टरफलाचे तेल दोनदा द्यावे. आपल्याकडे ते सहज मिळते आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. फक्त हाताला लागू देऊ नये, कातडी भाजते.

दोन फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट हवी, म्हणजे वाळू खाली गळते. फट ठेवली नाही तर आठवड्याभरात वाटेवर वाळूचा ढीग होतो आणि लोक बाजूने चालू लागतात. खिळे वापरू नयेत. साधा लोखंडी खिळा एका पावसाळ्यात लाकूड काळे करून सैल होतो. बोल्ट घ्यावेत आणि तेही ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार ३०४ देईल आणि ‘तेच ते’ म्हणेल, पण समुद्रावर त्यावर तांबूस डाग पडतात आणि पुढे ते खड्डे पडून सडते.

माझी सूचना अशी की वाळूवरचा शेवटचा भाग खांबांवर करूच नये. आठ-आठ फुटांचे सुटे पाट करावेत, खाली दोन आडव्या पट्ट्या, वर फळ्या, आणि पाट एकमेकांना सुंभाने किंवा नायलॉनच्या दोरीने बांधावेत. चार माणसांनी एक पाट उचलता आला पाहिजे. पावसाळ्याआधी उचलून ठेवायचे, दिवाळीला पुन्हा अंथरायचे. होड्या आपण पावसाळ्यात वर ओढून शाकारतोच. वाटेलाही तसेच शाकारले म्हणजे झाले.

सरळमार्गी

सुटे पाट म्हणजे चोरीला जाणार. आमच्याकडून बसायचे बाकही गेले आहेत.

रंधा

जातीलही एखाद-दुसरा. पण एक पाट मी एका दिवसात करून देतो. स्लॅब गेला तर कोण करून देणार?

जुना तलाठी

सुट्या पाटांचा परवानगीच्या दृष्टीनेही फायदा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूची टेकाडे आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक वर्गात आहेत, आणि तिथे पक्के बांधकाम सुचवले की अर्ज रखडणार हे नक्की. तात्पुरत्या पर्यटन सुविधा आणि पेव्हर ब्लॉकची पायवाट यांना त्याच अधिसूचनेत जागा आहे, परंतु भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीमार्फत राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावा. सुरूचे बन कोणाच्या ताब्यात आहे हेही आधी विचारून घ्यावे. बन वन खात्याकडे, पुळण महसूलकडे, बंदराचे काम सागरी मंडळाकडे आणि पाखाडी पंचायतीकडे, असा शंभर पावलांत चौघांचा कारभार असतो.

फाटकाच्या प्रश्नावर एक उपयुक्त नियम आठवला. किनाऱ्यावरील हॉटेलांसाठी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून अट आहे की दोन लगतच्या हॉटेलांमध्ये लोकांना समुद्रावर जाण्यासाठी २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी. तुमच्या त्या निवासाला परवानगी मिळाली असेल तर तिच्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागवावी. भांडणापूर्वी प्रत हातात असलेली बरी.

पाखाडीकर

(२६ जानेवारीच्या ग्रामसभेनंतर)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. विषय मांडला आणि अपेक्षेपेक्षा शांतपणे चर्चा झाली. नमुना २३ मध्ये पाचपैकी दोनच पाखाड्यांची नोंद निघाली: देवळाजवळची आणि मधली. बाकी तिन्हींची नोंद घेण्याचा ठराव झाला असून मोजणीसाठी अर्ज दिला आहे. निवासाच्या मालकांशी सरपंचांच्या घरी बसून बोलणे झाले. नकाशात त्यांच्या कुंपणाच्या आत अरुंद मोकळी पट्टी स्पष्ट दिसते, हे त्यांनीही पाहिले. फाटक काढायला ते अजून तयार नाहीत, पण दिवसा कडी काढून ठेवण्यास कबूल झाले. ‘खासगी मालमत्ता’ ही पाटी मात्र उतरलेली नाही. मोजणी होईपर्यंत एवढेच.

मधल्या पाखाडीचा आराखडा असा ठरला: रस्त्यापासून सुरूच्या बनापर्यंत पायऱ्या न ठेवता उताराची चिऱ्यांची फरसबंदी, डबरावर, सिमेंटशिवाय, बनातून वायव्येकडे एक वळण, आणि पुढे रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे सुटे पाट. लोंबता स्लॅब फोडून त्याचे तुकडे पुळणीवर न टाकता गाडीरस्त्याच्या भरावाला वापरायचे ठरले. दिवा लावायचा नाही.

देखभालीवर सर्वांत जास्त वेळ गेला. एका बाजूने पंचायतीने माणूस नेमावा असा आग्रह होता, दुसऱ्या बाजूने श्रमदानाचा. शेवटी जुना रिवाजच थोडा बदलून घेतला. पाखाडीचे चार टप्पे पाडले, प्रत्येक टप्पा त्याला लागून असलेल्या घरांकडे; वाळूवरचे पाट कोळीवाड्यातील तरुणांकडे, आणि त्याबद्दल पंचायतीने त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. बोल्ट, तेल आणि बदलीच्या फळ्या यांच्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ धरली आहे. रक्कम लहान आहे, पण ‘पाखाडी दुरुस्ती’ असा शब्द आमच्या अंदाजपत्रकात प्रथमच आला.

चाकाची खुर्ची

फरसबंदी झाली की वडिलांना घेऊन येईन. आमचे गाव तुमच्यापासून फार दूर नाही.

कासवमित्र

पाट अंथरण्याआधी कळवावे. तुमच्या गावाच्या दक्षिण टोकाला या आठवड्यात एक घरटे मिळाले आहे, मधल्या पाखाडीपासून ते लांब आहे, तरी सकाळी एक चक्कर मारून जाऊ.

पाखाडीकर

(मे महिन्याच्या अखेरीस)

चिऱ्यांचे काम मार्चमध्ये झाले. एप्रिलमध्ये पाटांवरून बरीच वर्दळ राहिली आणि एक पाट खरोखरच नाहीसा झाला, सरळमार्गी यांचे भाकीत खरे ठरले. तो तीन दिवसांनी एका मंडपाखाली जेवणाच्या टेबलाच्या रूपात सापडला. ताई वडिलांना घेऊन आल्या होत्या. पाटांच्या शेवटी खुर्ची थांबली आणि ते ओहोटीकडे पाहत तासभर बसले. फरसबंदीवर दोन ठिकाणी चाक अडकले, ते सांधे पुन्हा भरून घेतले आहेत.

काल सर्व पाट उचलून देवळाच्या ओवरीत रचले. प्रत्येकावर खडूने क्रमांक घातले आहेत, कारण वळणावरचे तीन पाट तिरपे कापलेले आहेत आणि त्यांची जागा चुकली तर पुढचे काहीच बसत नाही. ओवरीत पावसाची झड येते, क्रमांक पुसले जातील अशी शंका वाटते.

रंधा

खडू आठ दिवसही टिकणार नाही आणि रंगाचे पोपडे निघतील. छिन्नीने खाचा पाडा: पहिल्या पाटाला एक, दुसऱ्याला दोन, अशा. खाच खालच्या पट्टीला पाडा, फळीला नको, आणि नेहमी रस्त्याकडच्या टोकाला, म्हणजे दिवाळीत कोणते तोंड कुठे हा वाद होणार नाही. पाट रचताना मध्ये विटांचे तुकडे ठेवले आहेत ना? नसतील तर उद्याच ठेवा, वारा खेळला पाहिजे.